हवेचा काटा

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की पालीचं धरण मागे पडतं आणि थोड्याच वेळात घाट सुरू होतो. कोकणातली माणसं त्याला घाट म्हणणार नाहीत, चढ म्हणतील. पण बालाघाटच्या डोंगराची ही पायरी जुन्या गाडीची नाडी बरोबर सांगते. माझ्या मावसभावाची गाडी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन हा चढ वर्षानुवर्षं तिसऱ्या गिअरवर घेत होती. एका मे महिन्यात ती तो घेईनाशी झाली.

गाडी २०१२ सालची, तेराशे सीसीचं टर्बो डिझेल, दोन लाख किलोमीटर पार. भाड्यानं फिरते. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पेशंट, परळीला वैजनाथाचे भाविक, लग्नसराईत वऱ्हाड. तक्रार एकच : ओढत नाही. काळा धूर नाही, हिसके नाहीत, वेगळा आवाज नाही, नुसती मरगळ. आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. शहरातल्या एका गॅरेजात स्कॅनर लावला. पडद्यावर कोड आला, पी-०१०१. दोन मिनिटांत निदान झालं : "एअर फ्लो गेला." ओरिजनल सेन्सर महाग, म्हणून दिसायला हुबेहूब तसाच डुप्लिकेट बसवला. दिवा विझला, भाऊ खूश. आठ दिवसांनी त्याच चढावर दिवा पुन्हा लागला.

हा एअर फ्लो काय चीज आहे हे बीडच्या माणसाला सांगायचं तर त्याला साखर कारखान्याच्या गेटावर न्यावं. उसानं भरलेला ट्रॅक्टर आधी काट्यावर चढतो, मग ऊस उतरवून मोकळा पुन्हा काट्यावर येतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ऊस. शेतकऱ्याचं बिल, तोडणीवाल्याची मजुरी, वाहतुकीचं भाडं, सगळं त्या एका आकड्यावर. म्हणून तर 'काटा मारला' हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका जिव्हारी लागतो. इंजिनात हवा शिरते त्या दाराशी असाच एक काटा बसवलेला असतो. एअर फिल्टरच्या डब्यातून बाहेर पडणाऱ्या नळीत, टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या, अलीकडे. आत गेलेली प्रत्येक घोटभर हवा तो मोजतो आणि आकडा ईसीएमला, म्हणजे गाडीच्या संगणकाला कळवतो. किती डिझेल सोडायचं ते ईसीएम त्या आकड्याकडे बघून ठरवतो.

हवा मोजायची म्हणजे आकारमान नाही, वजन. आपल्याला हवेला वजन असतं याचीच सवय नसते. हिशेब घालून पाहू. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. लिटरभर डिझेलचं वजन आठशे-साडेआठशे ग्रॅम, म्हणजे त्याला बारा किलो हवा. बीडच्या उंचीवर एक लिटर हवेचं वजन भरतं एक ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. तेव्हा एक लिटर डिझेलमागे अकरा हजार लिटर हवा. दुष्काळात गावात पाण्याचा टँकर येतो ना, जवळजवळ तेवढी. ही झाली कमीत कमी. डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा ओढतं.

आणि हे वजन ऋतूप्रमाणे बदलतं. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या थोडं वर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा मुळातच पाच-सहा टक्के हलकी. त्यात जानेवारीतली बारा अंशांची पहाट आणि मे महिन्यातली बेचाळीस अंशांची दुपार यांची तुलना केली तर तेवढ्याच लिटर हवेच्या वजनात सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. इंजिन दर फेऱ्याला लिटर तेवढेच ओढतं, पण त्यात माल कमी येतो. काट्याची गरज पडते ती इथं.

तरी एक शंका राहतेच. जुन्या डीआय जीपला, काळी-पिवळीला, ट्रॅक्टरला हा काटा नव्हता, आणि ती वाहनं चाललीच की! चालली, कारण डिझेल इंजिनाला हवेचा हिशेब ठेवावाच लागत नसे. पायडल दाबलं तेवढं डिझेल पंपानं दिलं. हवा कमी पडली तर उरलेलं डिझेल काळा धूर होऊन मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर. हिशेब आला तो प्रदूषणाच्या कायद्यानं. इंजिनात फार तापलेल्या हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. ती कमी करायला सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर मोजून मापून परत इंजिनात सोडतात. गॅरेजात त्या झडपेला नुसतं 'ईजीआर' म्हणतात. आता परत किती धूर आला ते थेट मोजणं अवघड. पण ताजी हवा किती आली ते मोजलं, तर उरलेली जागा धुरानं भरली असं गणित मांडता येतं. म्हणून डिझेल गाडीत हवेचा काटा दोन कामं करतो : ईजीआर किती उघडायचा ते सांगतो, आणि धूर होऊ नये म्हणून डिझेलवर वरची मर्यादा घालतो. हवा दोनशे ग्रॅम आली असं त्यानं सांगितलं, तर दोनशे ग्रॅमला पुरेल त्याच्या वर एक थेंब डिझेल मिळत नाही. मग प्रत्यक्षात तीनशे का आली असेना.

भावाच्या गाडीतली मरगळ इथं उलगडते. काळा धूर नसणं हाच पुरावा. ईसीएम डिझेल हात राखून सोडत होता, कारण त्याला हवा कमी आल्याचं कळवलं जात होतं. अशी गाडी पीयूसीच्या तपासणीत मात्र पहिल्या नंबरानं पास होते.

भारतात हा सगळा बदल एका तारखेला झाला नाही. भारत स्टेज चारचे नियम एप्रिल २०१० मध्ये दिल्ली परिसर आणि मोजक्या मोठ्या शहरांत आले. मुंबई-पुण्याबरोबर शेजारचं सोलापूर त्या यादीत होतं, बीड नव्हतं. देशभर ते लागू झाले एप्रिल २०१७ पासून. त्याआधी दोन-तीन दिवस, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयानं एक एप्रिलनंतर स्टेज तीनची वाहनं विकायला बंदी केली आणि गावोगावच्या शोरूममध्ये सवलतीत गाड्या घ्यायला झुंबड उडाली. या साऱ्याचा परिणाम असा की बीडच्या रस्त्यावर आज एकाच नावाची, एकाच रंगाची दोन वाहनं शेजारी उभी असतात आणि एकाच्या पोटात काटा असतो, दुसऱ्याच्या नसतो. पेट्रोलमध्ये घोळ आणखी मोठा. मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात हवेचं वजन करणारा सेन्सर नसतोच. तिथं आतल्या नळीतला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. तेव्हा बॉनेट उघडून फिल्टरच्या पुढच्या नळीवर कपलर लावलेला सेन्सर आहे का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये. हे इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते, पण नसलेल्या भागाच्या शोधात दुकानं पालथी घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

वाहत्या हवेचं वजन करायचं कसं? खळ्यावर उपणणीला उभा राहिलेला शेतकरी मूठभर माती वर टाकून वारं बघतो. ओलं बोट वर धरलं तरी वारं कळतं, कारण वाऱ्याकडची बाजू गार पडते. हे गार पडणंच कामी आलं. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले लुई व्हेसॉट किंग यांनी १९१४ साली वाऱ्याच्या झोतात धरलेली तापलेली बारीक तार किती उष्णता गमावते याचं गणित मांडलं. वारा वाढला की तार जास्त गार होते, पण सरळ प्रमाणात नाही, साधारण वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट वारा आला तर वाऱ्यामुळे जाणारी उष्णता दुप्पट होते. किंग यांच्या डोक्यात मोटारगाडी नव्हती. तापती तार मोटारीत आली साठ-सत्तर वर्षांनी. बॉश कंपनीनं १९७०च्या दशकात आधी हवेच्या रेट्यानं उघडणारी झडप वापरली, दाराची फळी वाऱ्यानं किती उघडते त्यावरून वारं ओळखावं तशी. १९८०च्या दशकात तिची जागा प्लॅटिनमच्या तापलेल्या तारेनं घेतली. ती इतकी बारीक की तिच्यावर बसलेला मळ जाळायला गाडी बंद केल्यावर तिला क्षणभर हजार अंशांवर लालबुंद करावं लागे. त्यानंतर तारेऐवजी सिरॅमिक किंवा सिलिकॉनच्या चिपेवरची पातळ तापती पट्टी आली. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत तीच असते. नखाएवढ्या चिपेत मध्ये गरम पट्टी, तिच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक तापमापक. हवा वाहिली की अलीकडचा गार पडतो, पलीकडच्याला ऊब पोचते. या दोघांतल्या फरकावरून हवा किती ते कळतं, आणि कुठल्या दिशेनं तेही.

किंग यांचं वर्गमूळ डुप्लिकेट सेन्सरच्या वेळी आडवं येतं. सेन्सरचा विजेचा इशारा आणि हवेचं वजन यांचा संबंध सरळ रेषेचा नसतो, वक्र असतो, आणि तो वक्र ईसीएमच्या स्मरणात आधीपासून कोरलेला असतो. सेन्सरभोवतीची प्लास्टिकची नळी, तिचा व्यास, आतली जाळी हे सगळं त्या वक्राचा भाग. कपलर बसला, स्क्रूची भोकं जुळली म्हणून वक्र जुळला असं होत नाही. किराण्याच्या दुकानातला तराजू कारखान्याच्या गेटावर नेऊन ठेवल्यासारखं आहे ते.

भाऊ दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला तेव्हा मी बरोबर होतो. साठीच्या पुढचा माणूस, पंप-नोझलच्या काळात हात बसलेला, आणि नातवानं शिकवलेला मोबाईलवरचा स्कॅनर वापरणारा. त्यानं कोड पाहिला आणि भावाला विचारलं, "दादा, पी-०१०१ म्हंजे काय सांगितलं तुम्हाला?"

"सेन्सर गेला म्हणाले."

"असं कुठं लिवलंय?"

खरंच नव्हतं लिहिलेलं. या कोडांची भाषा नीट वाचावी लागते. पी-०१०० म्हणजे सेन्सरच्या विजेच्या वाटेत गडबड. पी-०१०२ म्हणजे इशारा फारच कमी येतोय, पी-०१०३ म्हणजे फारच जास्त. या तिघांत आधी वायर, कपलर आणि अर्थिंग तपासायचं. उसाच्या आणि कापसाच्या मुलखात बॉनेटखाली उंदीर मुक्कामाला असतो हे विसरायचं नाही. पी-०१०१ वेगळा आहे. इशारा येतोय, पण इंजिनाचे फेरे, टर्बोचा दाब वगैरे पाहता जितकी हवा असायला हवी तिच्याशी तो जुळत नाही, एवढंच तो सांगतो. ईसीएमला काट्याचा संशय आहे, पण उसाचं काय झालं हे त्याला ठाऊक नाही. काटा खोटा असेल, किंवा ऊस दुसऱ्याच दारानं आत गेला असेल.

मिस्त्रीनं स्कॅनर बाजूला ठेवला आणि फिल्टरचा डबा उघडला. झाकणाच्या क्लिपांपैकी एक तुटलेली, तिथं तारेचा पीळ. आतला कागदी फिल्टर बाहेर काढून त्यानं उन्हाकडे धरला. दोन घड्यांमध्ये बारीक उजेड दिसला.

"ह्याला हवा कोण मारलं?"

भावानं मान खाली घातली. दर रविवारी पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर साफ करायचा, ही त्याची शिस्त. वाईट सवय नाही, पण कागदी फिल्टरला पूर्ण दाबाची हवा जवळून मारली की कागद फाटतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. मारायचीच तर आतून बाहेर, लांबून, बेतानं. आणि खरं म्हणजे बदलायचाच. बीडचा फुफाटा म्हणजे काय हे आष्टी-पाटोद्याकडच्या कच्च्या रस्त्यानं उन्हाळ्यात गेलेल्याला सांगायला नको. त्यात घाटाच्या रस्त्याचा मुरूम, वीटभट्ट्या, परळीकडची राख. टायरमागे उठणारा धुरळा पिठासारखा बारीक. फाटक्या कागदातून तो आत येतो, इंजिनाच्या श्वासनळीतून येणाऱ्या तेलाच्या वाफेनं चिकट झालेल्या चिपेवर बसतो आणि तिला गोधडी पांघरतो. गोधडीतल्या चिपेला वारं पुरतं कळत नाही. अशा मळलेल्या काट्याची एक खोड पुष्कळदा दिसते : थोड्या हवेला तो जास्त सांगतो आणि भरपूर हवेला कमी. म्हणून उभी गाडी ठीक वाटते आणि घाटात मान टाकते.

भावाच्या गाडीत हेच झालं असावं असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. मिस्त्रीनं ठरवलं नव्हतं.

त्याच्या पद्धतीचा मला सगळ्यांत आवडलेला भाग पुढचा. साखर कारखान्याचा काटा खरा की खोटा हे बघायचे दोन मार्ग. मोकळा असताना शून्य दाखवतो का, आणि माहीत असलेलं वजन ठेवलं तर तेवढंच दाखवतो का. त्यानं दोन्ही केले.

भावानं जुना ओरिजनल सेन्सर फेकला नव्हता, डिकीत पिशवीत गुंडाळून ठेवला होता. (भाड्याच्या गाडीचा मालक काहीच फेकत नाही.) तो आधी बसवला. चावी ऑन, इंजिन बंद, फिल्टरचा डबा लावलेला, म्हणजे नळीत हवा निश्चल. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिनेनं इशाऱ्याच्या वायरीला. वायर सोलायची नाही, टोचायचीही नाही, नाहीतर पहिल्या पावसात तिथं गंज धरतो. त्याआधी बाराचा पुरवठा, पाच व्होल्टचा आधार आणि अर्थिंग नीट असल्याची खात्री. या काळातल्या ज्या बॉश सेन्सरांचा इशारा व्होल्टमध्ये येतो त्यांच्या पुष्कळ नमुन्यांत निश्चल हवेला एक व्होल्ट हा मोकळा काटा असतो. दोन-तीन शतांश इकडेतिकडे चालतं, पण पाच शतांश वर गेला तर चिप मळली किंवा म्हातारी झाली असं धरतात. मीटरवर आकडा आला १.००. मग डुप्लिकेट लावला : १.०९. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त मीटर भावाकडे फिरवला. नव्या गाड्यांत इशारा व्होल्टऐवजी स्पंदनांच्या वारंवारितेत येतो, तिथं ही चाचणी चालत नाही. आणि सोसाट्याचं वारं सुटलेलं असताना, नळी उघडी ठेवून तर कधीच करू नये.

आता माहीत असलेलं वजन. हवेचं वजन आपल्याला आधी माहीत असणार कसं? इंजिनच सांगतं. डिझेलला पेट्रोलसारखी गळा आवळणारी थ्रॉटल बहुधा नसते, म्हणून प्रत्येक सिलिंडर आपल्या मापानं भरतो. उदाहरणाला १२४८ सीसीचं इंजिन घेऊ. फियाटचं हे इंजिन मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा तिघांच्या गाड्यांत बसलं आणि त्याला गमतीनं 'नॅशनल इंजिन' म्हणू लागले. त्यातली काही पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावात तयार व्हायची, पुण्याहून बीडला येताना लागतं तेच. चार सिलिंडर, प्रत्येकी ३१२ सीसी. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, पंच्याऐंशी टक्के धरू : २६५ सीसी. मे महिन्याच्या उन्हात बीडची हवा सीसीला सुमारे १.०५ मिलिग्रॅम. गुणाकार २८० मिलिग्रॅम. जानेवारीच्या पहाटे तोच गुणाकार ३०० च्या पुढे जातो. स्कॅनरवर 'मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक' असा आकडा दिसतो तो हाच. अट एवढीच की ईजीआर बंद असला पाहिजे. तो उघडला की ताज्या हवेची जागा धूर घेतो आणि आकडा झपकन खाली येतो. ते बरोबरच असतं.

मिस्त्रीनं कागदावर गणित घातलं नव्हतं. "हिला पावणेतीनशेच्या वर पायजे," एवढं त्याला पाठ होतं. इंजिन चालू केलं, ईजीआर बंद झालेला स्कॅनरवर पाहिला. आकडा २२०. डुप्लिकेट लावला : २३१.

"दोन काटे," मिस्त्री म्हणाला, "एक मोकळ्याला खरा, एक खोटा. दोन्ही पन्नास-साठ कमीच दावतेत. मंग चूक काट्यात कशी?"

पन्नास-साठ मिलिग्रॅम हवा काट्याला चुकवून आत जात होती. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या नळीत इंजिन हवा ओढत असतं, तिथं चीर असली तर बाहेरची न मोजलेली हवा आत घुसते. टर्बोच्या पुढच्या नळ्यांत उलटं : तिथं दाब असतो, मोजलेली हवा बाहेर सुटते. ईसीएम मात्र ती आत पोचली असं समजून डिझेल देतो, आणि गाडी काळा धूर ओकते. धूर नाही आणि दम नाही, तर काट्यापासून टर्बोपर्यंत बघा. धूर आहे आणि दम नाही, तर टर्बोपासून पुढं इंटरकूलरच्या नळ्या साबणाच्या पाण्यानं बघा. दोन्ही ठिकाणी स्कॅनर सेन्सरचंच नाव घेऊ शकतो.

मोठ्या शहरांत चीर शोधायला धूर सोडणारं यंत्र असतं. मिस्त्रीनं गल्ल्यामागच्या गणपतीपुढची उदबत्ती उचलली. पेट्रोलच्या गाडीजवळ हा प्रयोग कुणी करू नये. डिझेललाही आधी कुठं गळती नाही ना ते बघून आणि पंख्यापासून हात राखूनच. चालू इंजिनाच्या नळीवरून तो उदबत्ती सावकाश फिरवत गेला. धुराची रेघ सरळ वर जात होती. रबरी भात्यासारख्या घड्या असलेल्या भागाच्या खालच्या अंगाला गेल्याबरोबर ती वाकली आणि रबरात गडप झाली. वरून धडधाकट दिसणाऱ्या भात्याला पोटाखाली बोटभर लांब चीर होती. इंजिन जोर लावून एका अंगाला झुकलं की ती आणखी उघडत असणार. घाटात नेमकं तेच. मिस्त्रीनं चीर हातानं दाबून धरली. स्कॅनर माझ्या हातात होता. आकडा चढला : २४०, २६०, २७८.

आठ दिवस दिवा का विझला होता? कोड पुसला होता म्हणून. शिवाय डुप्लिकेटचा मोकळा काटाच वर होता, त्यामुळे तो थोडी हवा फुगवून सांगत होता आणि चिरेतून गेलेली तूट झाकत होता. घाटात जास्त हवा लागली तसं झाकण पुरेना. एक चूक दुसरीवर पांघरूण घालत होती.

सेन्सरचा कपलर काढून गाडी पळवून बघा, सुधारली तर सेन्सर खराब, ही गॅरेजातली लाडकी चाचणी मी त्याला विचारली. अगदीच टाकाऊ नाही ती. काटाच बंद केला की ईसीएम स्मरणातल्या ठरावीक आकड्यावर अंदाजानं चालतो, आणि मळलेल्या काट्यापेक्षा तो अंदाज बरा असू शकतो. पण काटा बंद झाला की बहुतेक गाड्यांत ईजीआरही बंद होतो. गाडी सुधारली ती खोटा काटा गेल्यानं की अडकलेला ईजीआर मिटल्यानं, हे मग कसं कळणार? आणि भावाच्या गाडीतही कपलर काढल्यावर सुधारणा दिसलीच असती, कारण कमी सांगणारा साक्षीदार गप्प बसला असता. नळीची चीर जशीच्या तशी, आणि बळी पुन्हा सेन्सरचा. पेट्रोलवाल्यांना यापेक्षा चांगलं हत्यार आहे. ईसीएम इंधनात किती टक्के भर घालतोय ते स्कॅनरवर दिसतं. ती भर उभ्या गाडीत जास्त आणि रेस दिल्यावर कमी झाली तर कुठंतरी हवा गळतेय. रेस वाढेल तशी भरही वाढत गेली तर काटा कमी सांगतोय.

बाकी काम किरकोळ. नवा भाता, नवा कागदी फिल्टर, डब्याची क्लिप. जुना सेन्सर मिस्त्रीनं त्याच कामासाठी मिळणाऱ्या स्प्रेनं धुतला, हात किंवा ब्रश न लावता, आणि पूर्ण वाळेपर्यंत कपलर जोडला नाही. पेट्रोल, थिनर किंवा कार्बोरेटर धुण्याचा स्प्रे मारला तर चिपेवरचा थर निघतो. कॉम्प्रेसरची हवा तर तिचा जीवच घेते. मग गाडी मांजरसुंब्याला नेली, मी स्कॅनर घेऊन शेजारी. तिसरा गिअर, पायडल पूर्ण खाली. आकडा न अडखळता चढत दुपटीच्या आसपास गेला. वर पोचल्यावर भावानं चहा पाजला, मला एकट्याला दोन.

निघताना मिस्त्रीनं फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला आतून मार्करनं लिहून दिलं होतं : 'मोकळा १.००, उभी २८०'. पुढं कधी शंका आली तर यावर ताडून बघा म्हणाला. भावानं स्वस्तातला ब्लूटूथचा स्कॅनर घेतला आणि रोज सकाळी आकडा बघायचा नाद लावून घेतला.

जानेवारीत एका पहाटे सहाला त्यानं मिस्त्रीला फोन लावला. अंबाजोगाईचं भाडं होतं, पेशंट गाडीत बसलेला. "मिस्त्री, तीनशे आठ दाखवतंय हो. पुन्हा गेला का काय?"

पलीकडे बराच वेळ नुसती खोकल्याची उबळ. मग आवाज आला, "दादा, थंडी पडलीय. हवा जड झालीया. काही बिगडलं न्हाई, काचा वर घ्या अन् निघा."